रुमाल टाकलेली खुर्ची

मंडळी, आज दुपारी मला पुरस्कार मिळाला. पदवीच्या मुलांना कॉम्प्युटर सायन्स उत्तम शिकवल्याबद्दल. निमंत्रणात लिहिलं होतं, घरचं एक माणूस सोबत आणा. आणायचं कुणाला? एकटीच गेले.

सभागृहात बसले आणि सवयीनं शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. एका बाईंनी विचारलं, "इथं कुणी आहे?"

तोंडातून निघून गेलं, "आहे, येतायत."

ही सवय आण्णांची, माझ्या वडिलांची. सत्तरच्या दशकात मी पुण्याला कॉलेजला निघाले, तेव्हा भोरच्या स्टँडवर त्यांनी एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. मला बसवलं आणि स्वतः पुण्यापर्यंत उभे राहिले. "आण्णा, तुमी बसा की," म्हटलं, तर म्हणाले, "शिकाया तू चाललीस. तू बस."

आण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली.

नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, परत जागेवर आले. रुमाल तसाच होता. सन्मानचिन्ह चांगलंच जड, तरी शेवटपर्यंत मांडीवरच धरलं. त्या खुर्चीवर ठेवावंसं वाटेना.

येणार नाही हे माहीत असलेल्या माणसासाठी तुम्हीही कधी जागा धरलीय का?