सारवलेली भिंत

माणसाला काठीने मारताना होणारा आवाज ओलसर असतो, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळले. अध्यापन सोडून मी नुकतीच छत्रपती संभाजीनगरातील एका विषाणू प्रयोगशाळेत रुजू झाले होते. सोयगाव तालुक्यातील एका खेड्यात एक लहान मुलगी तापात झटके येऊन दगावली होती. चावून असा ताप पसरवणाऱ्या वाळूमाश्या तिच्या घरात पकडायला आम्ही पोहोचलो, तेव्हा तिचा काका फवारणी कर्मचाऱ्याला अंगणात बडवत होता.

"इख मारलंस भिताडावर! पोर खाल्लीस माझ्या भावाची!"

कर्मचाऱ्याच्या तोंडातून रक्तासोबत दात पडला. मी 'थांबा' म्हणाले. ते मलाही ऐकू आले नाही. पोलिसांनी कर्मचाऱ्याला सोडवले, पण गावाच्या तक्रारीवरून संशयित म्हणून दवाखान्यात त्याच्या खाटेशी पहारा बसवला.

मुलीच्या मणक्यातील पाण्यात विषाणू सापडला. तरी गाव म्हणे, तो फवारणीच्या पंपातूनच आला. निवाडा विषाणूच्या जनुकीय क्रमावर अवलंबून होता. मुलीतील विषाणूचा क्रम मी त्या घरच्या माश्यांतील विषाणूच्या क्रमाखाली मांडला. पडद्यावर अक्षराखाली अक्षर जुळत गेले. तो माणूस आता सुटेल, या आनंदात निकाल सांगायला त्या गावी जाण्याची परवानगी मी स्वतःहून मागितली.

मुलीच्या घरच्या अंगणात मी सांगितले, "आजार पंपातून आला नाही. घरातल्याच माशीने दिला."

काकाने काठी आपटली. "मग फवारल्यावर माश्या जित्या कशा राह्यल्या, मॅडम? औषधात पानी घातलं का त्यानं?"

उत्तर मी माश्या पकडतानाच पाहिले होते. भिंतीवर शेणाचे ताजे सारवण होते. औषध त्याखाली गाडले गेले होते. पण बोलले, तर काठी कोणाकडे वळेल, तेही दिसत होते.

"मी सारवलं, भाऊजी," मुलीची आई उंबऱ्यातून म्हणाली. "लई वास मारायचा. पोरगी वकायची. त्या माणसाचा काय बी गुन्हा नाय."

काठी तिच्या खांद्यावर बसली. दुसरी बसण्याआधी तिने कोपऱ्यातली कुदळ उचलली. काका मागे सरला. ती मात्र भिंतीकडे वळली आणि घाव घालत सुटली. सारवणाचे पापुद्रे उडाले, मग माती, मग दगड. भेगांतून इवल्या, धुरकट माश्या बाहेर पडल्या.

काकाने काठी टाकली आणि तो आपल्याच उघड्या दंडांवर चापट्या मारू लागला.