भीकबाळीचं भोक

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडेच दिवस झाले होते. मी पेडणे ठाण्यात होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना फोन आला. बाईचा दबका आवाज होता.

"साहेब, माझा नाव इचारू नकात. चोपड्याचो एक जण आखातात जाता. तेका डाव्या कानान आयकाक येना. कान तपासूक दुसरोच गेल्लो."

आमच्याच तालुक्यातल्या चोपडे गावच्या त्या माणसाचं नाव सांगून तिने फोन ठेवला.

असले निम्मे फोन भाऊबंदकीचे असतात, म्हणून आधी गुपचूप चौकशी केली. तो माणूस डिचोलीच्या खाणीत सुरुंगाच्या कामावर होता. एका स्फोटात कान गेला, पाठोपाठ कामही गेलं. आता परदेशात तेलाच्या कारखान्यात नोकरी ठरली होती. तिथे वायू गळला की भोंगा होतो आणि माणसं पळतात. एका कानाच्या माणसाला आवाज कुठून येतो तेच कळत नाही, तो पळणार कुठे? विमान त्याच आठवड्यात होतं. माझी झोप उडाली.

पणजीला जाऊन नोकरीसाठी कान तपासणाऱ्या डॉक्टरांना भेटलो. त्यांना चेहरा आठवेना, कान मात्र आठवला. दोन्ही पडदे शाबूत, आणि उजव्या कानाच्या वरच्या कडेला बारीक भोक.

चोपड्याच्या त्या माणसाला ठाण्यात बोलावलं, तर त्याच्या कानाला तसं भोक नव्हतं. सोबत धाकटा भाऊ आला होता, कानांवर केस वाढवलेला. दोघांना वेगळं बसवून विचारलं, तर दोघांचं उत्तर एकच, पाठ केलेलं: तपासणीला थोरलाच गेला होता. मी धाकट्याला केस मागे सारायला सांगितले. उजव्या कानाच्या वरच्या कडेला तेच भोक. तो नवसाचा मुलगा. आमच्याकडे अशा मुलाचा कान वरच्या बाजूला टोचून भीकबाळी घालतात. तपासणीपुरती त्याने बाळी काढली होती, पण भोक कसं काढणार? तो रडायलाच लागला.

"दादान नको म्हटल्यान, तरी मियाच गेलंय."

तोतयेगिरीचा गुन्हा नोंदवला, जबाब घेतले, कंपनीला कळवलं. नोकरी गेली. थोरला बाकावर बसला. त्याची बायको डबा घेऊन आली होती, ती त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली. तो मला म्हणाला, "माझो घात कोणी केलो, तेवढा सांगात."

"मिया केलंय," ती अगदी हळू म्हणाली.

आवाज फोनवरचाच होता. त्याला ऐकू गेलं नाही, तो माझ्याच तोंडाकडे बघत राहिला. मी म्हटलं, फोन निनावी होता.

खबऱ्याचं नाव फोडायचं नाही, हा नियम मी भरती झालो तेव्हाच पाठ केला होता. तो कोणासाठी असतो, ते त्या बाईकडे बघून समजलं.