प्राचीनं तार दोनदा ओलांडली

मंडळी, दुपारी मी इथे फोटो टाकून लिहिलं होतं, ‘बायको घाबरली, अर्ध्यातून परत आलो.’ ते खोटं होतं.

आज इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये मी आणि प्राची वाया फेराटाला गेलो होतो. कड्यावर लोखंडी केबल बसवलेली असते, तिला आपल्या कमरेच्या हार्नेसचे हूक अडकवत चढायचं. जाताना गाडीत मी तिला ऐकवत होतो, “आम्ही सह्याद्रीत दोराशिवाय चढायचो गं. इथे काय, सगळं रेलिंग लावून ठेवलंय.”

मध्ये एका घळीवर पायाखाली फक्त एक तार होती. प्राची आरामात पलीकडे गेली. मी एक पाय तारेवर ठेवला आणि दुसरा उचलेचना. मागे माणसं खोळंबली. गाइडनं विचारलं, “ऑल राइट, मेट?”

माझ्या तोंडून निघालं, “माय वाइफ इज अ बिट स्केअर्ड.”

पलीकडून माझा फोटो काढणाऱ्या प्राचीनं ते ऐकलं. तिनं फोन खिशात ठेवला. “सॉरी, आय ॲम,” म्हणाली, आणि तीच तार ओलांडून माझ्यासाठी परत आली. गाइडनं मागच्यांना बाजूला करून आम्हाला परतीची वाट दिली.

उतरताना माझे हूकही तीच अडकवत होती.

तरीही घरी येऊन मी तिनंच काढलेला फोटो टाकला आणि तिच्यावर तुम्हाला हसवलं. आता तिच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ, सांगा.

फोटो काढून टाकत नाही. जाऊन बघा, त्याला पहिला लाइक प्राचीचा आहे.