मुनशीजींचा जड शब्द

"थांब गा बापू, शब्द जड झाला."

हे वाक्य कानावर पडलं की माझं पित्त खवळायचं. तुम्ही कधी टाइपरायटरवर काम केलं असेल तर तुम्हाला कळेल. पान संपत आलेलं, खाली कार्बनच्या प्रती, आणि मागून मुनशीजींचं बोट नेमकं एका शब्दावर येऊन टेकायचं. खाडाखोड वकीलसाहेबांना चालत नसे. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. यवतमाळच्या एका वकिलाकडे मी टाइपिस्ट होतो आणि मुनशीजी पक्षकारांचं म्हणणं इंग्रजीत उतरवून द्यायचे. कामं बहुतेक भावाभावांच्या वाटणीची. त्यामुळे हा माणूस दिवसभर डिव्हाइड, सेपरेट, पार्टिशन चघळत बसे. एकदा वैतागून मी विचारलं, यात फरक तो काय?

"सेपरेट झाले तरी येणंजाणं राह्यते," ते म्हणाले. "डिव्हाइड म्हटलं का हे तुह्यं, हे माह्यं. अन् पार्टिशन म्हणजे मधात भिंत."

कोर्टाला याची काही पडलेली नव्हती. वकीलसाहेबांनाही नव्हती.

एकदा कळंबकडचे दोघे भाऊ तडजोडीच्या कागदासाठी आले. बैलजोडीतला एकेक बैल दोघांना, असं ठरलं होतं. मी मुनशीजींच्याच मसुद्यातलं डिव्हाइड टाइप केलं आणि मागून बोट आलं. मुनशीजी तडक ओसरीवर बसलेल्या भावांकडे गेले.

"एकेक बैल घेऊन वखर कसा चालवसान?"

आळीपाळीनं जोडी जुंपू, असं धाकटा म्हणाला. झालं, मुनशीजींना आता डिव्हाइडच्या जागी शेअर हा शब्द हवा होता. मी पुन्हा कागद चढवला, भावांची बस चुकली आणि त्यांनी आम्हा दोघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या. पुढे थोरल्यानं आपला बैल बाजारात विकून टाकला. मी ते मुद्दाम मुनशीजींना ऐकवलं. ते म्हणाले की आपलाच शब्द कमी पडला असेल. अशा माणसावर रागावायचं तरी कसं? मी तरी रागावायचोच.

त्यांना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. वडिलोपार्जित घरात धाकट्या भावाबरोबर राहायचे, त्याच्या पोरांचं कौतुक सांगताना थकत नसत. दुपारचा डबाही भावाच्या बायकोच्या हातचा. एका उन्हाळ्यात तो डबा यायचा थांबला. मुनशीजी मुरमुरे खात बसायचे.

मग एका सकाळी त्यांनी स्वतःच्याच घराच्या वाटणीचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. सगळं सुवाच्य लिहिलेलं, फक्त एक जागा कोरी. इथे कोणता शब्द टाकू, असं मी विचारलं.

"तुले जो वाटते तो टाक," असं म्हणून ते ओसरीवर जाऊन बसले.

हे ऐकायला मी वर्षानुवर्षं तरसलो होतो. पण आता मीच एकेक शब्द तोलू लागलो. शेवटी मी सेपरेट टाकला. वकीलसाहेबांनी पान पाहिलं, तो शब्द खोडला आणि वर पार्टिशन लिहिलं. त्यांचं बरोबरच होतं, घरात मधोमध भिंतच घालायची होती.

मी नवा कागद चढवला. खिडकीतून मुनशीजींची पाठ दिसत होती. त्या शब्दाशी आलो तेव्हा मी मुद्दाम हळू टाइप केलं, एकेक अक्षर ठोकत, त्यांना ऐकू जाईल आणि मागून बोट येईल म्हणून.

ते वळले नाहीत.