मिलनं टाइप करून पाठवलेलं कारण

जानेवारी १९७९. पोलीस ठाण्यात बसून समन्सचे गठ्ठे लावत होते, तेवढ्यात नागपूरजवळच्या कन्हानकडच्या एका जिनिंग मिलचा कारकून लिफाफा घेऊन आला. ते प्रकरण मी अजून विसरलेले नाही.

आदल्या दिवशी त्या मिलमध्ये एका मजूर बाईचा पदर मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला आणि उजवा हात कोपरापासून तुटला. तपास माझ्याकडे होता. विमा कंपनीला पोलिसांचा अहवाल इंग्रजीत लागे. मॅनेजरनं तो टाइप करूनच धाडला होता, फक्त माझी सही बाकी. अपघाताचं कारण म्हणून लिहिलं होतं, ‘ड्यू टू केअरलेसनेस ऑफ द वर्कर’.

“मॅडमचा इंग्रजीचा त्रास वाचवला,” कारकून हसला.

“मी कधी तक्रार केली होती?” असं म्हणून मी लिफाफा ठेवून घेतला.

दुपारी जबाबासाठी दवाखान्यात गेले. जखमी बाई शुद्धीवर होती. “माहीच चूक लिहून राहिल्या का, बाई? मंग मले काहीच भेटनार नाही. अन् हातही गेला.”

तिच्यासोबत काम करणारी बाई मला व्हरांड्यात गाठून हळूच म्हणाली, “पट्ट्यावर जाळीच नव्हती. हिले इकडं आणल्यावर बसवली.”

पंच घेऊन मी मिलमध्ये गेले. तिथं सगळीकडे कापसाचे तंतू बसलेले होते, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीवरसुद्धा. जाळी मात्र लख्ख होती. मी फिटरला ठाण्यात आणलं.

“जाळी कधी बसवली?”

“जुनीच हाय, बाई.”

“मग तिच्यावर कापूस काहून नाही गा?”

“पुसली.”

“बाईचा हात तुटला आणि तू जाळी पुसत बसलास?”

मी दुसरं काम करत बसले. अशा वेळी पोलिसानं बोलू नये. समोरच्याला शांतता सहन होत नाही.

“मॅनेजर सायबानं काढाले लावली होती,” तो म्हणाला. “जाळी असली की सफाईले घडीघडी मशीन बंद करा लागे. काल तेच म्हणे, लाव लवकर.”

संध्याकाळी वरिष्ठांनी बोलावलं. “एका शब्दावरून कशाला ताणता? करून टाका सही.”

“शब्द त्यांचे आहेत, सर. सही माझी आहे. जमणार नाही.”

“वरून फोन आला तर?”

“मला जोडून द्या.”

मी मिलच्या कागदावर काट मारली आणि माझं वाक्य टाइप केलं, ‘बिकॉज द सेफ्टी गार्ड हॅड बीन रिमूव्ड ऑन द मॅनेजर्स ऑर्डर’. निष्काळजी हा माणसावर मारलेला शिक्का आहे. त्यानं हात तुटत नाही. ज्यावर बोट ठेवता येतं, तेच कारण. पुढे हाताखालच्या लोकांना मी कारणाच्या रकान्यात कोणाचा स्वभाव लिहू दिला नाही. काय काढलं, कोणी काढलं, कोणाच्या हुकमावरून, एवढंच लिहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुन्हा नोंदवला आणि मिलच्या फाटकातच मॅनेजरला ताब्यात घेतलं. त्यानं इंग्रजीत कारण विचारलं. मी सगळ्या मजुरांसमोर मराठीत सांगितलं.