बिनचष्म्याची फ्रेम

बायको जाऊन वर्ष होत आलं तरी घरात तिचा एक धड फोटो नव्हता. एका लग्नातला होता, त्यात ती पंगतीत वाढताना, अर्धी कुणाच्या तरी पाठीमागे. वर्षाच्या कार्यक्रमाला, पुण्यानुमोदनाला, तिची फ्रेम तर पाहिजे. नात म्हणाली, "आबा, मी काढते आजीला." ती कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकते. गेममधले राक्षस, लढाईवाल्या बाया, असलं. म्हटलं काढ, पण तिला राक्षस करू नको.

मी जन्मभर नेरूळ-वाशीच्या बिल्डिंगींना रंग दिला. आधी प्रायमर, मग पुट्टी, मग रंगाचा पहिला हात, दुसरा हात. वरचा हात बसला की खालचं संपलं. नातीचं तसं नाही. पाठीमागची भिंत वेगळी, साडी वेगळी, चेहरा वेगळा, चष्मा वेगळा. एकेकाला लेअर म्हणते. प्रत्येकापुढे बारकासा डोळा. तो दाबला की ती वस्तू गायब. तिनं मला दाखवायला चेहऱ्याचा डोळा दाबला, तर नुसती साडी बसलेली राहिली. मी ओरडलोच, "ठेव तिला परत!"

"आबा, आहे ती इथंच. फक्त बंद केलीय."

बंद केलीय म्हणे.

चित्र मात्र जमलं. ती काळी होती, काळीच आली. दाणा मार्केटात मिरच्या निवडायची तेव्हा चष्म्याची दांडी मोडली होती, ती बारदानाच्या दोऱ्यानं बांधलेली. तो दोरासुद्धा नातीनं काढला. मी म्हटलं, बस, आता हात लावू नका.

ऐकतंय कोण. सुनेला निळी साडी खटकली, पांढरी पाहिजे. झाली पांढरी. मग करावेहून मेव्हणी आली. "अगं, माझी ताई एवढी काळी होती का? जरा उजळ कर." नातीनं वरून एक उजळ थर दिला.

"बघा दाजी, आता कशी दिसते."

"तुझ्यासारखी दिसते," मी म्हटलं. ती तोंड फुगवून बसली.

मग मुलगा. "आईचा चष्मा काढ ना, म्हातारी वाटते." अरे, म्हातारीच होती. म्हातारी होऊनच गेली. पण चष्म्याचा डोळा बंद झाला.

शेडकार्ड घेऊन डोकं खाणारी गिऱ्हाइकं मी आयुष्यभर बघितली. पण ती भिंतीबद्दल बोलायची. इथं माझी बायको रोज संध्याकाळी वेगळी.

नात म्हणाली होती, शेवटी सगळे लेअर दाबून एक करायचे, मग काही वेगळं निघत नाही. प्रिंटला द्यायच्या दिवशी ती खाली दूध आणायला गेली आणि मी बसलो तिच्या जागेवर. उजळ थर बंद केला. पांढरा रंग बंद केला, खालची निळी साडी आली. आता माझी बायको. रंग बरोबर, शेड बरोबर. मग नातीनं दाखवलं होतं तिथं दाबलं. कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं, सेव्ह केलं आणि कॉम्प्युटरच बंद करून टाकला. ओली भिंत उघडी ठेवली की कुणीतरी बोट लावतोच.

नात आली, उघडलं तिनं. "आबा, काय केलंत? चष्मा कुठाय?"

"बंद असेल. चालू कर."

"जे बंद होतं ते त्यानं फेकून दिलं, आबा. तेच विचारलं होतं त्यानं. नाहीच आता तो."

मी नुसता रंग बघत बसलो होतो. पोरगी रडायला लागली. "एकाचं ऐकू की दहा जणांचं? मी परत काही काढणार नाही." तिचं काय चुकलं. प्रिंटचा दुकानवाला खोळंबला होता, चित्र गेलं तसंच.

कार्यक्रमाला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "किती तरुण दिसतात!" भंतेजी वंदना म्हणत होते आणि मी फ्रेमकडे बघत होतो. बिनचष्म्याचं तिला काही दिसायचं नाही. मी दारात उभा राहिलो तरी "कोण हाय?" म्हणून विचारायची. आता तशीच बघत होती. माझ्याकडे, पण मला नाही.

पाहुणे गेल्यावर माळ्यावरून काळ्या ऑइल पेंटचा डबा काढला. सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि फ्रेमच्या काचेवर, तिच्या डोळ्यांवर, चष्मा काढला. डावीकडचा गोल वर गेला. दोराही काढला, तो जाड झाला.

सकाळी मुलगा बघतच राहिला. "बाबा, हे काय! पुसा आधी."

"ऑइल पेंट आहे," मी म्हटलं. "वाळलाय."