चोवीस तासांत न मावणारा

वेतमास्तर नाकावर माशी बसू देत नसत. जन्मापासून ठार आंधळे, पण खुर्चीची वेताची बैठक अशी घट्ट विणत, की कारखान्यातले डोळस कारागीर आपलं काम त्यांच्या बोटांखालून घालूनच पुढे पाठवत. खोट एकच. काही आठवडे माणूस वेळेवर हजर, हसतखेळत. मग काही आठवडे भर दुपारी हातात वेत धरून पेंगायचा, आणि घरी रात्रभर टक्क जागा.

भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हणतात. मास्तरांना मऊ गादीवरही डोळा लागत नसे. मालक म्हणाले, आळशी. शेजारी म्हणाले, पीत असेल. मेहुण्याने तर हसून म्हटलं, "आंधळ्याला रात्र काय आणि दिवस काय!" मास्तर महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

शेवटी मालकांनी बजावलं, "सोमवारपासून आठच्या ठोक्याला, आणि जागे. नाहीतर घरीच बसा."

मास्तरांच्या बायकोने मात्र तीन महिने कुणाला न सांगता एक उद्योग केला होता. नवरा कधी निजला, कधी उठला, ते रोज कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. ते कॅलेंडर आणि नवरा, दोघांना घेऊन तिने डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "झोप रोज अर्धा तास उशिरा सरकते. एकही दिवस चुकत नाही! मास्तर, शरीरात एक घड्याळ असतं. आमचं रोज सकाळी उजेड डोळ्यांतून आत गेला की जुळतं. तुमच्या डोळ्यांतून उजेड जातच नाही. तुमचा दिवस साडेचोवीस तासांचा आहे. गोळी देते, रोज ठरल्या वेळी घ्या. पण गुण यायला काही महिने लागतील."

"म्हणजे मी आळशी नाही?" मास्तरांनी विचारलं.

"मुळीच नाही."

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले. बायकोला मात्र रडू आलं नाही, राग आला. वीस वर्षं तीही मनातून त्यांना आळशीच समजत होती, आणि राग त्याचाच होता.

सोमवारी मास्तर उठले तेच अकराला. बाराला कारखान्यात गेले आणि माफी न मागता कॅलेंडर मालकांच्या टेबलावर ठेवलं. "मी आठ तास पुरे भरीन. पण माझ्या घड्याळाने. ते रात्री जागं असेल तर रात्री."

मालक उसळले. "तुमच्या एकट्यासाठी मी रात्रभर दिवे जाळू?"

सगळे कारागीर विणायचे थांबले. मास्तर मोठ्याने हसले.

"दिवे तुम्हाला लागतात, मालक. मला किल्ली द्या."

आणि त्यांनी हात पुढे केला. किल्ली तळव्यावर पडेपर्यंत तो मागे घेतला नाही.